दाक्षायणीच्या घरची तंगी

९ ऑगस्ट १९७६, सोमवार

ही वही ज्वारीच्या डब्यात ठेवायची ठरवली आहे. शाळेची टाचणवही हेडमास्तरांसाठी असते, ही माझ्यासाठी. मी नसताना घरमालकाचा मुलगा खोलीत येतो असा मला दाट संशय आहे. परवा कंगव्यात दोन केस सापडले, ते माझे नव्हते.

आज दुसऱ्याच केसांनी झोप उडवली. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना खोलीत घेऊन दार लावलं. वरून हुकूम आहे. प्रत्येक शिक्षकानं दिवाळीच्या सुट्टीआधी नसबंदी ऑपरेशनच्या दोन केस द्यायच्या. म्हणजे ज्याला तीन किंवा जास्त मुलं आहेत अशा बापाचं नाव नि पत्ता. हेडमास्तर म्हणाले, उन्हातान्हात घरोघर कशाला हिंडता, गृहपाठ द्या. 'माझे घर', दहा ओळी. आईबाप खोटं बोलतील, मुलं लिहिताना खोटं लिहीत नाहीत.

सगळे गेल्यावर मला मागे थांबवलं. "देशमाने, तुमचा नातेपुत्याच्या बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. दोन नावं आली की मी शिफारस लिहितो."

बायको मथुरा आणि दोन्ही पोरं नातेपुत्याला, मी इथं सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला, शहराची हद्द संपते तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. चार वर्षं झाली. महिन्यातून दोनदा एस.टी.नं जातो. गेल्या खेपेला धाकटा मला पाहून आईकडे पळाला आणि म्हणाला, "पाव्हणं आलं." सगळे हसले, मीही हसलो. परतताना बसमध्ये मात्र हसू आलं नाही.

गृहपाठ दिला.

११ ऑगस्ट

वह्या तपासल्या. तिसरीच्या वर्गात बेचाळीस पोरं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी कानडी. मला कानडी ओ की ठो कळत नाही. ती माझ्यासमोर आपसात कानडी बोलतात तेव्हा माझ्याबद्दलच बोलतात हे मी धरूनच चालतो.

एका वहीपाशी थांबलो. दाक्षायणी, अक्षर मोत्यासारखं. जसंच्या तसं उतरवतो:

'आमचे घर लहान आहे. आई कडक भाकरी करते. आप्पा कचेरीत शिपाई आहेत. मला एक अक्का आहे. आमच्या घरी तंगी आली आहे. तंगीमुळे आई रात्रभर जागी असते. आप्पा म्हणतात, तंगीचे कोणाला सांगायचे नाही. पण मी गृहपाठात खोटे लिहीत नाही.'

गलबलून आलं. आठ वर्षांची पोर आणि घरची ओढाताण इतकी नेमकी लिहिते. गरीब विद्यार्थ्यांच्या कपाटातून तिला दोन वह्या आणि एक पेन्सिल दिली. तिनं वह्या घेतल्या, पण कशाबद्दल ते तिला कळलं नाहीसं वाटलं. स्वाभिमानी असेल. दोनच मुली, म्हणजे हे घर माझ्या यादीत बसत नाही. बरंच झालं.

१६ ऑगस्ट, सोमवार

कुणीतरी फोडलं. गृहपाठ कशासाठी होता हे वस्तीभर झालं आहे. आज तोच गृहपाठ 'सुवाच्य अक्षरात पुन्हा' लिहून आणायला सांगितला होता, आणि एका आठवड्यात माझ्या वर्गातली अकरा भावंडं नाहीशी झाली. एकाचा भाऊ 'मामाचा मुलगा' झाला. एकीनं तीन बहिणी खोडून 'आमची शेळी' लिहिलं आहे. प्रत्येक वहीखाली बापाची सही किंवा अंगठा, आणि अंगठे इतके ठसठशीत की कागदाला भोक पडावं.

फोडणारा कोण? माझा संशय मायाप्पावर आहे. मायाप्पा शाळेचा शिपाई, मूळचा अक्कलकोटकडचा, सगळी वस्ती त्याला मामा म्हणते. बैठकीच्या दिवशी दाराबाहेर तोच बसला होता.

एकट्या दाक्षायणीनं काही बदललं नाही. तंगी होती तिथंच आहे.

२३ ऑगस्ट, सोमवार

वजन-मापांच्या धड्यावर गृहपाठ दिला होता, घरी आठवड्यात काय काय येतं आणि किती. हा गृहपाठ निव्वळ गणिताचा होता. तरी अर्ध्या वर्गानं 'काही येत नाही' असं लिहून आणलं. आता लोकांना बेरजेचीही भीती वाटते.

दाक्षायणीची यादी: दूध रोज एक लिटर (आधी पाव लिटर). खारीक अर्धा किलो. सुके खोबरे एक किलो. डिंक पाव किलो. गूळ दोन किलो. तूप.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे घरी तंगी आहे आणि दूध चौपट झालं? पावसाळ्यात डिंकाचे लाडू? माझ्या घरी दिवाळीलाही खोबरं मोजून येतं. मला बनवलं. मी कपाटातून वह्या काढून दिल्या, आणि हे लोक तिकडे खारका खातायत. तंगी म्हणे.

एका शिपायाला हे परवडतं कसं? याचं उत्तर एकच दिसतं. कडक भाकरी करून विकणारं घर म्हणजे ज्वारीची पोती आली. सध्या साठेबाजांवर धाडी पडतायत, रोज पेपरात असतं. 'तंगीचे कोणाला सांगायचे नाही' असं बापानं का सांगितलं असेल? मालाला काहीतरी सांकेतिक नाव दिलं असेल आणि पोरीला ते खरं वाटलं असेल. मी उगाच संशय घेणारा माणूस नाही, पण दोन आणि दोन चारच होतात.

४ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर दाक्षायणीच्या घरी गेलो. गृहपाठाची चौकशी हे निमित्त होतं.

आधी मायाप्पाला पत्ता विचारला. त्यानं मला बळंच चहाला बसवलं, स्वतः 'आलोच' म्हणून सायकलवर टांग मारून गेला आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन आला. साखर आणायला गेला होता म्हणे. चहात साखर नव्हतीच.

दाराबाहेर दोरीवर हातभर लांबीची मऊ फडकी वाळत होती. भाकऱ्या गुंडाळायची असावीत, स्वच्छतेला मात्र नावं ठेवता येणार नाहीत. आत ज्वारीची पाच पोती, थप्पी लावलेली. घरात ओव्याचा धूर कोंदला होता. भाकरीत ओवा कधीपासून घालायला लागले? दाक्षायणीची आई निंगव्वा एवढ्या उकाड्यात डोक्या-कानाला फडकं घट्ट बांधून बसली होती. दात दुखत असेल, चेहराही ओढलेला होता. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. ज्याच्या मनात चोर असतो तो असाच बसतो.

बाप कल्लप्पा पोत्यांपुढे उभा, हात जोडून. "बसा की गुरुजी. पोरीचं काय चुकलं का?"

मी म्हणालो, पोरीचं नाही. आणि त्याच्या मागे पाहिलं. पोत्यांच्या थप्पीमागे आढ्याला एक दोरी बांधली होती, ताठ ओढलेली, म्हणजे खाली वजन टांगलेलं. उंदरांपासून राखायची वस्तू, तूप किंवा साखर. मी डावीकडे सरकलो की कल्लप्पाही डावीकडे सरकायचा.

इतक्यात मागून मांजराचं पिल्लू कुरकुरावं तसा आवाज आला. त्याबरोबर दाक्षायणीनं, मी न सांगता, एकोणीसचा पाढा खणखणीत आवाजात सुरू केला. संपला तसा अठराचा घेतला. पाठांतर उत्तम आहे. मी तसं म्हणालो तर निंगव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं.

निघताना कल्लप्पानं कडक भाकरीची चवड बांधून दिली. मी घेतली नाही. लाच मी ओळखतो.

५ सप्टेंबर, रविवार

आज शिक्षक दिन. पत्र लिहून काढलं, पुरवठा कचेरीला: अमुक पत्त्यावर ज्वारी, तूप, साखर यांचा संशयास्पद साठा, पाहणी व्हावी. खाली सही केली. निनावी पत्रं लिहिणारा मी नव्हे.

साठेबाज पकडून दिल्याचं कळलं तर बदलीला एका केसचा हातभार लागेल का, असंही मनात आलं. लिहून ठेवतो, कारण इथं तरी खोटं लिहायचं नाही.

६ सप्टेंबर

पाकीट डिंकानं बंद करून मायाप्पाकडे दिलं. नाइलाज होता, शाळेचा दुसरा शिपाई नाही. त्यानं पाकीट उजेडात धरून पत्ता वाचला आणि विचारलं, "घाईचं हाय का गुरुजी?" मी म्हणालो, आजच्या आज.

८ सप्टेंबर

कचेरीकडून काही हालचाल नाही. दाक्षायणी माझ्याकडे पाहून हसते. मी हसत नाही.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

मराठीच्या तासाला समानार्थी शब्द होते. गरिबी, दारिद्र्य, टंचाई. माझ्या जिभेला खाज सुटली. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'तंगी' लिहिलं, दाक्षायणीकडे पाहिलं आणि विचारलं, याचा अर्थ कोण सांगेल? चन्नवीर कधी हात वर करत नाही, त्यानं आज केला.

"तंगी म्हंजे धाकटी बहीन की, गुरुजी."

मी त्याला बस म्हणालो, चूक. तर मागच्या बाकांवरून आठ-दहा आवाज आले, व्हय गुरुजी, बरोबर हाय, थोरली ती अक्का, धाकटी ती तंगी. कानडी येणारी सगळी पोरं खुशीत होती. गुरुजींना येत नाही आणि आपल्याला येतं असं वर्षातून एकदाच घडतं. फक्त दाक्षायणी खुशीत नव्हती. तिनं माझा चेहरा पाहिला आणि पाटीवर डोकं टेकलं.

खडू हातात तसाच धरून मी उभा राहिलो. आमच्या घरी तंगी आली आहे. तंगीमुळे आई रात्रभर जागी असते. दूध एक लिटर, डिंक, खारीक, खोबरं. बाळंतिणीचा खुराक. कानाला बांधलेलं फडकं, ओव्याचा धूर, दोरीवरची दुपटी, पोत्यांमागची झोळी. दोन पोरांचा बाप म्हणवतो स्वतःला. दोन्ही खेपेला मथुरा माहेरी होती, मी पोरं पाहिली ती सव्वा महिन्यानंतर, न्हाऊमाखू घालून मांडीवर दिलेली. बाळंतिणीचं घर मी पाहिलंच नव्हतं.

दाक्षायणी मधल्या सुट्टीत घरी पळाली. शाळा सुटली तेव्हा कल्लप्पा फाटकाशी उभा होता. कचेरीचा गणवेश अंगावर, टोपी हातात.

"गुरुजी, कचेरीत मी दोनच पोरी दावल्यात. तिसरी कळली की मला त्याच दिवशी गाडीत घालतील. शेजारच्या टेबलाच्या शिपायाला नेलं, त्याची जखम चिघळली, दीड महिना झाला अजून उठला न्हाई." मग टोपी दुसऱ्या हातात घेतली. "पोरीनं खोटं लिवलं न्हाई. तिला मारू नका. काय करायचं ते माज्यावर करा."

मी म्हणालो, मी पोरांना मारत नाही. ते खरं नाही, मी मारतो. 

आता एक नाव माझ्या हातात आहे. पत्त्यासकट. एका नावावर हेडमास्तर निम्मे तरी वळतील. नातेपुते डोळ्यांसमोर येतं, 'पाव्हणं आलं' कानात वाजतं. आणि पत्र तर मी चार दिवसांपूर्वीच पाठवून बसलोय. धाड ज्वारीसाठी आली तरी पोती हलवली की मागे झोळी आहेच.

११ सप्टेंबर, शनिवार

मायाप्पा फाटक उघडायला येण्याआधी मी तिथं हजर. विचारलं, ते पाकीट? त्यानं घंटेच्या फळीमागून काढून पुढे केलं.

"साहेब जाग्यावर भेटलं न्हाईत. परत जायाचं राहूनच गेलं बघा."

पाच दिवस! एरवी मी त्याची तक्रार लिहिली असती. शिपायाचा आळस एरवी डोक्यात जातो, आज तो देवासारखा धावून आला. पाकिटाची कड जरा सुरकुतली होती, डिंक ओला होऊन पुन्हा चिकटल्यासारखा. हवाच दमट आहे. पत्र चुलीत घातलं.

पण एका संकटातून सुटावं तर दुसरं उभं. हेडमास्तरांनी तिसरी-चौथीच्या 'माझे घर'च्या वह्या कपाटात बंद केल्यात. सोमवारी वरचे साहेब येऊन स्वतः पाहणार. एवढ्या वस्तीत पात्र बापच नाहीत यावर त्यांचा विश्वास नाही. आणि साहेब विजापूरकडचे आहेत. घरी कानडी. 'तंगी' त्यांना कुणी समजावून द्यावी लागणार नाही.

माझं शेरे लिहायचं राहिलंय, असं सांगून वह्या तासभर मागून घेतल्या. हेडमास्तर समोर बसून राहिले. पान फाडता येईना, पानांना नंबर आहेत. शाई सांडावी तर त्यांचं लक्ष. मला बोटाएवढं धाडस नाही हे मला ठाऊक आहे, आणि हेडमास्तरांनाही.

मग जे मला रोज करता येतं तेच केलं. तांबड्या शाईचं पेन उघडलं. 'तंगी' शब्दाखाली रेघ ओढली, तो इतका खोडला की दिसू नये, आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: टंचाई. चार ओळींत तीन वेळा. समासात शेरा: 'योग्य शब्द वापरावा.' सुवाच्य लिहून आणलेल्या पानावरही तेच.

बावीस वर्षं चूक खोडून बरोबर लिहीत आलो. आज बरोबर खोडून चूक लिहिलं. हेडमास्तर डुलकी घेत होते.

१३ सप्टेंबर, सोमवार

साहेब आले. चाळीसेक वह्या पाहिल्या, शेळीवर जरा जास्त वेळ थांबले. दाक्षायणीची वही हातात आली तेव्हा मी कोरा फळा पुसायला घेतला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आमच्या घरी टंचाई आली आहे." पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, हा शब्द तुमच्या अक्षरात आहे."

मी म्हणालो, हो साहेब, मुलीचा शब्द अशुद्ध होता.

"देशात शिस्त आली, दुकानं मालानं भरली, आणि तुम्ही तिसरीच्या पोरांना टंचाई शिकवता?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढा संशयी म्हणवतो, आणि कोणते दिवस चालू आहेत हेच विसरलो. हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेबांनी वहीतला मजकूर लिहून घेतला, पण फक्त ती एक ओळ. पुढची पानं, दूध, डिंक, खारीक, त्यांनी उलटलीच नाहीत. टंचाई सापडल्यावर त्यांना दुसरं काही शोधायचं राहिलं नाही.

दाक्षायणी पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती.

१८ सप्टेंबर

मेमो आला. 'कोवळ्या मनांवर निराशाजनक व शासनविरोधी विचार बिंबवल्याबद्दल खुलासा करावा.' खुलासा केला: शब्दनिवडीत चूक झाली. बदलीचा अर्ज शेरा मारून परत आला. दोन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

मथुराला पत्र लिहिलं. कारण लिहिलं नाही, पत्रं कोण कोण फोडतं देव जाणे. खूप वाईट वाटलं. अजून वाटतं. आपण चांगलं केलं म्हणून वाईट वाटायचं राहतं असं काही नाही.

संध्याकाळी खोलीच्या दाराशी फडक्यात बांधलेल्या दहा कडक भाकऱ्या ठेवलेल्या. कुणी ठेवल्या हे विचारलं नाही. शेंगाची चटणी मायाप्पाकडून मागून आणली. तो नुसता हसला, आणि तो का हसतो हे मला अजून समजत नाही. या माणसावर नजर ठेवली पाहिजे.

२९ नोव्हेंबर, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. दोन्ही नावं शेवटपर्यंत दिली नाहीत, माझी एक वेतनवाढ थांबली. दिवाळीत नातेपुत्याला जाऊन आलो. धाकटा पहिले दोन दिवस लांबूनच बघत होता, तिसऱ्या दिवशी पाठीवर चढला, चौथ्या दिवशी माझी बस होती.

आज सुट्टीचा गृहपाठ तपासला. 'दिवाळीची सुट्टी', दहा ओळी. दाक्षायणीची वही मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. शेजारच्या वर्गाच्या बाई आत आल्या होत्या, म्हणून आधी इकडेतिकडे पाहिलं, मग उघडली.

'सुट्टीत आम्ही घरीच होतो. आईने करंज्या केल्या. आमची टंचाई आता पालथी पडते. टंचाई मला ओळखते आणि हसते. अक्काने टंचाईला काजळ लावले. आप्पा म्हणतात, टंचाई आल्यापासून घर भरले.'

पेन हातात घेतलं. हा शब्द चुकीचा आहे हे या वर्गात फक्त मला माहीत आहे, आणि तो तिला मीच शिकवला. पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, साहेबांनी वाचलं होतं तसं मोठ्यानं नव्हे, मनातल्या मनात.

कुठंही रेघ ओढली नाही. खाली लिहिलं: 'दहापैकी दहा. एकही चूक नाही.'